नेब्रास्काचं पाचवं मत

अमेरिकेत मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. तरी २००८ साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आमच्या ऑफिसात अमेरिकन निवडणुकीचा जाणकार मीच होतो. ही नेमणूकही माझी मीच केली होती. गिअरबॉक्सच्या ड्रॉइंगशेजारी मी अमेरिकेचा नकाशा लावला आणि मतदानाआधीच सगळी राज्यं दोन पक्षांच्या लाल-निळ्या रंगांत रंगवून टाकली.

आमच्या विभागाच्या सेक्रेटरीबाई साठीला टेकलेल्या, कमी बोलणाऱ्या. एक दिवस कॉफीचा कप घेऊन त्या नकाशासमोर थांबल्या आणि नेब्रास्कावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे सगळं लाल?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो. "शेतीवाडीचं राज्य, जुन्या वळणाची माणसं. आणि राज्य जो जिंकेल त्याला तिथली राष्ट्राध्यक्ष निवडणारी सगळी मतं. पाचच्या पाच."

"तिथे तसं नाही. काही मतं मतदारसंघाप्रमाणे जातात."

मी समजूतदारपणे हसलो आणि कागदावर आकृती काढून त्यांना दहा मिनिटं अमेरिकन पद्धत समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

बुधवारी निकाल आला. नेब्रास्का लाल. मी विनाकारण दोनदा त्यांच्या टेबलाजवळून गेलो. "पाचच्या पाच," एकदा म्हणालोसुद्धा.

"अजून मोजणी चालू आहे," त्या म्हणाल्या.

सोमवारपर्यंत ती संपली होती. ओमाहा शहराच्या मतदारसंघाचं एक मत दुसऱ्या पक्षाला गेलं होतं. कुणी यायच्या आत मी नकाशावर निळा ठिपका काढत होतो, तर बाई मागेच उभ्या.

"तुम्हाला कसं माहीत होतं?" मी विचारलं.

"सतरा वर्षांची असताना वर्षभर तिथल्या एका शेतकरी कुटुंबात राहिले होते. त्या घरातली मुलगी आता ओमाहात असते. काल फोनवर रडत होती. म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा माझं मत कुठेतरी पोचलं."

"मग मला आधीच सांगायचं ना."

"तुम्ही बोलत होतात."

मग त्यांनी विचारलं, "भारतात राष्ट्रपती कसा निवडतात?"

"आल्झो... म्हणजे असं... आमदार असतात... खासदारही," मी सुरुवात केली आणि तिथेच अडकलो. कुणाच्या मताला किती किंमत, काही आठवेना.

संध्याकाळी बाबांना फोन लावला. तोच प्रश्न त्यांना विचारला.

"आठवीत तुला नागरिकशास्त्र मीच शिकवत होतो," ते म्हणाले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. या वेळी मी वही घेऊन बसलो.