खालचा बोल्ट

“भाऊजी, हे गाडीखालून बाहेर येईनात.” वहिनींचा फोन आला तेव्हा मी नुकता पेपर उघडला होता. मला हसूच आलं. म्हटलं, “सकाळी शिरलाय ना, मग दुपारी निघेल. त्याच्या वाटचा चहा तुम्हीच पिऊन टाका.” तेवढ्यात शेजारच्या काकूंनी फोन घेतला आणि मला लगेच यायला सांगितलं. पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरी पोचलो तेव्हा चार जणांनी मिळून भाऊला, माझ्या थोरल्या भावाला, गाडीखालून ओढून काढलं होतं. हृदयविकाराचा झटका. वहिनी नंतर सांगत होत्या की दहा मिनिटं त्या नुसत्या पायांशी बोलत होत्या, चहा निवतोय, ऐकू येत नाही का, म्हणून चिडतही होत्या. त्याला आता दीड महिना झाला. भावावर मी केलेला शेवटचा विनोद तो असा.

आमच्या घरात भाऊ म्हणजे मुख्यतः पायच. रविवारी जा, सणाला जा, पोर्चमध्ये ती पांढरी जुनी गाडी आणि खालून निघालेले दोन पाय. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कारकुनी केलेल्या या माणसाला कुणी सांगितलं होतं की आपण मेकॅनिक आहोत, देव जाणे. पण गॅरेजचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. परक्याचा हात लागला की गाडी बिघडते, हे त्याचं ठाम मत. स्वतःचा हात लागल्यावर काय व्हायचं ते आम्ही बघत होतो. डावीकडे वळलं की हॉर्न वाजायचा. मागच्या दाराची काच लाकडाच्या पाचरीवर उभी होती. एकदा सावद्याला मामांच्या मळ्यातून निघताना सायलेन्सर लोंबायला लागला, तर यानं तो केळीच्या वाळक्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या सालीनं, बांधला. तापलेला सायलेन्सर आणि वाळकं सोपट! फैजपूर यायच्या आत गाडीखालून धूर. आम्ही सगळे पोराबाळांसकट रस्त्याच्या कडेला उभे, आणि हा शांतपणे म्हणतो, “ओलं सोपट घ्यायले पाहिजे होतं.” त्या प्रसंगातून एवढंच शिकला.

तरी एक गोष्ट मात्र वाखाणण्यासारखी. गाडीची एक वही होती. तारीख, काम, आणि ते कोणी केलं, असे तीन रकाने, आखून. पाना नुसता हातात दिला असेल तरी देणाऱ्याचं नाव तिथे लागायचं. आणि खात्यातला नियम त्यानं घरातही आणला होता : खाडाखोड केली की शेजारी सही, आणि सही झालेलं बदलायचं तर त्याच माणसाची पुन्हा सही. सही नसेल तर ती दुरुस्ती नाही, फसवणूक आहे, म्हणायचा. वहिनींनी वाण्याच्या यादीत गूळ खोडून साखर लिहिलं तरी हा सही मागायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

बारा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली ती सकाळ. आई धुळ्याला अक्काकडे, आमच्या बहिणीकडे, आजारी होती. अक्काचा फोन आला की आई दोघांना विचारते आहे, असाल तसे निघा. भाऊनं आदल्या दिवशी खालचा बोल्ट काढून रेडिएटरचं पाणी सोडून दिलेलं. मला म्हणाला, “मुरली, खाली शिर आणि पाण्याचा खालचा बोल्ट घट्ट कर.” मी शिरलो. जमीन तेव्हाच तापलेली, तोंडावर तेलाचे थेंब, बोल्ट आट्यात बसेना. वरून त्याचा आवाज : “हातात जोर नाही का रे तुह्या? बायकोले बोलावू?” माझी बायको बाजूलाच उभी होती. तिला हसू आलं. मला असा संताप आला की काय सांगू... बोल्ट बोटांनी फिरेल तेवढा फिरवला. पाना माझ्या कानाशी पडला होता. मी तो उचलला नाही.

“पक्का केला का?”

“केला.”

पारोळा मागे पडल्यावर बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि इंजिन बसलं. तापमानाचा काटा आधी काही सांगू शकला नाही, कारण तो खोटं दाखवतो म्हणून भाऊनं त्याची तारच काढून टाकलेली. तो खाली शिरला. मी त्या दोन पायांकडे बघत उभा राहिलो. बराच वेळ ते हलले नाहीत. मग तो बाहेर आला, हात पँटला पुसले आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, “खालचा बोल्ट पडला. माझंच राहिलं.” मी काय बोलावं? मी म्हणालो, “तरी सांगत होतो, गॅरेजला दे म्हणून!”

तासाभरानं एस.टी. मिळाली. आम्ही पोचलो तेव्हा आईला जाऊन अर्धा तास झाला होता. अक्का दारातच उभी. एवढी वर्षं धुळ्यात काढून तिची बोली तिकडचीच झालेली. तिनं मला बाजूला केलं आणि भाऊला विचारलं, “व्हयनी का भाऊ, गाडी दुरुस्त?” म्हणजे, झाली का? भाऊ म्हणाला, “चूक झाली, अक्का.” मी त्याच्या मागे उभा होतो, हात खिशात घालून.

त्यानंतर अक्कानं त्याला कधी राखी बांधली नाही. मला बांधत राहिली. मीही दरवर्षी हात पुढे करत राहिलो. वर लग्नकार्यात, पंगतीत, गाडीचा विषय निघाला की तो बोल्टचा किस्सा मीच रंगवून सांगायचो. पाहुणे हसायचे, भाऊ चष्मा पुसायचा. वहिनी एकदा भरल्या घरात म्हणाल्या, यांच्या हट्टापायी आईंचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. मी मान हलवली. त्या सकाळी त्यानं सगळ्यांना दहा कामं सांगितली होती, बोल्ट कोणाला सांगितला हे तो विसरला असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मला तो पुन्हा कधी गाडीखाली बोलवत नव्हता. सुटलो, एवढंच मला वाटायचं.

गेल्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, गाडी काढून टाका, ते पाय सारखे दिसतात. विकायच्या आधी मी डॅशबोर्डचा कप्पा रिकामा केला. फडकं, दोन लोखंडी पाने, ती वही. मी तो मे महिना शोधला. आखलेली ओळ होती : पाण्याचा खालचा बोल्ट. शेवटच्या रकान्यात ‘मुरली’ लिहिलेलं, त्यावर पट्टीनं मारलेली सरळ रेघ. वर बारीक अक्षरात ‘मी स्वतः’. आणि शेजारी त्याची पूर्ण सही, खाली तारीख. आईच्या दहाव्याची.

वहिनींनी विचारलं, काय आहे त्यात? मी म्हणालो, काही नाही, नटबोल्ट. साठी उलटली तरी माझी जीभ अजून तशीच वळते. तोंडानं होत नाही म्हणून इथे लिहितो. अक्का, वहिनी, तो बोल्ट मी ढिला ठेवला होता. ठाऊक असून ठेवला होता.

गाडी गेली. वही माझ्या टेबलावर आहे. काल पेन घेऊन बसलो होतो, ‘मी स्वतः’ खोडून माझं नाव पुन्हा लिहावं म्हणून. टोक कागदाला टेकवलं आणि तसंच उचललं. त्याच्या नियमाप्रमाणे ती दुरुस्ती पक्की आहे. ती बदलायची तर आता त्याचीच सही लागेल.