बाहेरून झिजलेले टायर

मी झरीच्या शाळेत शिकवते आणि सरावलीहून रोज स्वतः गाडी चालवत जाते. गेल्या वर्षी पुढचे दोन्ही टायर नवे घातले, तलासरीला हायवेवर चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं, आणि पाच महिन्यांत दोन्हींच्या बाहेरच्या कडा गुळगुळीत झाल्या. आतली नक्षी जशीच्या तशी.

नवरा रेल्वेत आहे. त्याने वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "वळणं जोरात घेतेस. किनाऱ्यावरच्या चिखल्याची ना तू, गाडीपण होडीसारखी वळवतेस. उद्यापासून जीपने जा. गाडी मी वापरतो."

जीपने म्हणजे ती भरेपर्यंत नाक्यावर उभं राहायचं. नोकरीची पहिली आठ वर्षं मी तेच केलं होतं. पुन्हा करणार नव्हते.

मीही वाकले. वडिलांची होडी एका अंगाला ओढायला लागली की ते सुकाणूवाल्यावर ओरडत नसत. आधी ती पाण्यात किती बसलीय ते बघत. मी शिवणकामाची टेप आणली. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत मोजलं. शेजाऱ्यांची गाडी अगदी आमच्यासारखीच, तीही मोजली. आमची पुढून इंचभर उंच!

मग आठवलं. झरीच्या वाटेवरच्या गतिरोधकांना गाडीचं पोट घासायचं, म्हणून नवऱ्यानेच मित्राकडून पुढच्या स्प्रिंगांमध्ये रबर घालून आणले होते. अलाइनमेंट झाल्यानंतरच्या रविवारी.

नवऱ्याला घेऊनच गॅरेजवर गेले. तिथले गुजराती काका टायरवर हात फिरवून म्हणाले, "बेन, गाडी ऊंची केली ने, मग चाक पहिल्यासारखा सीधा नाय उभा रहात. बाहेरच्या कडेवर चालते. उंची बदलली का अलाइनमेंट परत करायचा."

"इंचभरच तर वर केलीय," नवरा पुटपुटला.

"कडाच तर झिजल्यात," मी म्हटलं.

काका खोकल्याच्या आड हसले.

रबर काढायचे नाहीत, असं मीच ठरवलं. गतिरोधक काही हलणार नव्हते आणि रोज जायचं मला होतं. पुन्हा दोन टायर घातले, याच उंचीवर अलाइनमेंट करून घेतलं, आणि पडद्यावरचे आकडे हिरवे होईपर्यंत मशीनपाशी उभी राहिले.

किल्ली माझ्या पर्समध्ये असते. नवऱ्याला गाडी हवी असली की तो मागतो. मी देते. परत आणली की चाकापाशी टेप धरून उंची मोजते.