पाहुण्यांसाठी पाच नियम

विल्मा शारकादी हंगेरीतल्या आमच्या तिसासेग गावात दारोदार फिरली ती दोनदा. पहिल्यांदा, परक्यांना गावात पाऊल ठेवू देऊ नका म्हणून सह्या गोळा करत. दुसऱ्यांदा, आठ वर्षांनी, त्याच निळ्या सायकलवरून, परक्यांना येऊ द्या म्हणून. पहिल्या खेपेला दोन दिवसांत चारशे अकरा सह्या मिळाल्या आणि घरोघरी पोगाचा नावाची खारी बिस्किटं खाऊन तिचं पोट बिघडलं. दुसऱ्या खेपेला तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

तशी बाई वाईट नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तिचा राग येईल. शेतकी सोसायटीच्या कचेरीत तिने तीस वर्षं कारकुनी केली. अक्षर मोत्यासारखं, आणि गावात कुणाचंही अडलेलं कागदपत्राचं काम ती फुकट करून द्यायची. मग सोसायटी बुडाली, डबाबंद भाज्यांचा कारखाना बंद पडला, तरुण पोरं एकेक करून ऑस्ट्रियाला निघून गेली. विल्माचा वेळ जाता जाईना. तेव्हा सत्ताधारी पक्षाने तिला बोलावलं. पत्रकं वाटायची, बसथांब्यावर फलक लावायचे, म्हाताऱ्यांना मतदानाला न्यायचं. आपण कुणालातरी लागतो, या एका गोष्टीवर ती पुन्हा उभी राहिली.

तिचा नवरा अम्ब्रुश तिसा नदीच्या बंधाऱ्याचा राखणदार होता. सहा फूट उंच, एकशे दहा किलोचा, आणि दिवसाला दहा वाक्यं बोलणारा. निर्वासितांचा लोंढा आला म्हणून सगळीकडे बोभाटा झाला त्या वर्षी सभेत विल्मा म्हणाली होती, "आमचे हे पाणी अडवतात, मी माणसं अडवते." काय टाळ्या पडल्या! अम्ब्रुश मागच्या बाकावर बसला होता. घरी जाताना एवढंच म्हणाला, "पाण्याला पोरंबाळं नसतात, विल्मा." तिने ते कानाआड केलं.

दोन वर्षांपूर्वी अम्ब्रुशला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि तो अंथरुणाला खिळला. गावात घरपोच सेवा देणाऱ्या दोन बायका होत्या. सकाळ-संध्याकाळ येऊन त्या त्याची कूस बदलायच्या, अंग पुसायच्या. त्यातली एक निवृत्त झाली. दुसरी ऑस्ट्रियाला गेली. एकट्या विल्माच्या हातून तो हलेना. एकदा ओढायला गेली तर तिचीच कंबर धरली. जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं, की घरी देखभालीची सोय नसेल तर रुग्णाला नव्वद किलोमीटरवरच्या इस्पितळाच्या दीर्घ उपचार विभागात हलवावं लागेल. अम्ब्रुशचा भाऊ तिथेच गेला होता. आत गेला आणि सात आठवड्यांत पाठीला जखमा पडून, कुणाचं नाव न घेता संपला. विल्माने पत्र वाचून दाखवलं तेव्हा अम्ब्रुशने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं, ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. तुला इथून हलवू देणार नाही, असा तिने त्याला शब्द दिला.

पोरीला फोन केला. तिमेआ ऑस्ट्रियात, ग्राट्समध्ये दोन म्हाताऱ्यांना सांभाळते.

"ये ना गं परत. तुझ्या बापासाठी तरी ये."

"आई, माझं घर इथे, मुलांच्या शाळा इथे. आणि तिकडे येऊन मी खाऊ काय? तुमच्याच पक्षाला सांग ना, बाहेरून माणसं आणा म्हणावं."

"परकी माणसं? तुझ्या बापाला हात लावणार?"

"मी इथे काय करते गं मग?"

"तू परकी कशी? तू माझी मुलगी आहेस," विल्मा म्हणाली. पलीकडून पोर म्हणाली की सूप उतू जातंय, ठेवते.

आणि नेमकं त्याच सुमारास पक्षानेच कूस बदलली. सरपंच कालमान जिल्ह्याच्या बैठकीहून आला आणि त्याने पक्षाच्या आठ-दहा जणांना कचेरीत बसवून सांगितलं, की फिलिपिन्सहून तीन सेविका मिळतायत, शाळेच्या मास्तरांच्या रिकाम्या पडलेल्या घरात ठेवता येतील, फक्त गावाने हो म्हटलं पाहिजे.

"आपला पक्ष बाहेरची माणसं आणणार?" कुणीतरी विचारलं. "मग इतकी वर्षं आपण ओरडत काय होतो?"

"ते स्थलांतरित. हे पाहुणे कामगार," कालमानने शिकून आलेलं सांगितलं. "स्थलांतरित राहायला येतो, पाहुणा जायला येतो. आपण माणसं आणत नाही रे, हात आणतो. दोन वर्षं झाली की हात परत."

ऐकायला कसंतरी वाटलं, पण विल्माच्या डोळ्यांसमोर अम्ब्रुशची पाठ होती. ती उठली आणि सायकल काढली.

शेजारीण एतुश फाटकातच उभी होती. आत ये म्हणाली नाही.

"अगं, तूच म्हणाली होतीस ना, एकाला दार उघडलं की मागून चाळीस येतात?"

"ते वेगळे, एतुश. हे पाहुणे कामगार आहेत."

"पाहुण्याला कामाला लावतात होय आता? आमच्याकडे तर पाहुणा आला की खुर्ची देतात."

"अम्ब्रुशला नेतील गं ते."

"वाईट वाटतं, खरंच वाटतं," एतुशने डोळे पुसले, आणि ते अश्रू खोटे नव्हते. "पण तू त्या वर्षी मला सांगितलंस आणि महिनाभर मी दाराला कुलूप लावून झोपले. अजून लावते. आता एकदम कसं काढू?"

घरोघर हेच झालं. विल्माने जे जे पेरलं होतं ते लोकांनी जपून ठेवलं होतं, अगदी शब्दाला शब्द. रोग आणतील. कामं पळवतील. बायकांना रस्त्याने जाता येणार नाही. या तर बायकाच आहेत, असं सांगितलं तर तंबाखूच्या दुकानात एकाने डोळा मारला आणि म्हणाला, "मग आमच्या बायका काय म्हणतील?" दोन दिवसांत सतरा सह्या झाल्या. त्यातल्या तीन दारूच्या नशेत.

सभागृहात गावसभा भरली. जिल्ह्याच्या पत्रातली मुदत संपायला नऊ दिवस होते. हात वर होईनात. कालमान कपाळाचा घाम पुसत कागद आवरायला लागला, तेव्हा विल्मा ताडकन उठली. पूर्वी बोलले ते चुकलं, असं सांगायचं ती ठरवून आली होती. पण समोरचे चेहरे पाहिले आणि तिला कळून चुकलं, की यांना खरं नकोय, यांना कुलूप हवंय.

"दिसणारसुद्धा नाहीत," ती म्हणाली. "आपण नियम करू. संध्याकाळी सहानंतर घराबाहेर नाही. बाजारच्या दिवशी बाजारात नाही. बाहेरचं कुणी भेटायला येणार नाही. नियम मोडला तर मोडणारी परत."

सभागृहात कुजबुज झाली. एतुशने हात वर केला. "आणि आमच्या पुरुषांनी बोलावलं तर गं?"

"गावातल्या कुणीही सहानंतर त्यांना बोलावलं, तर करारच रद्द. तिघीही परत." विल्माने क्षणाचाही विचार केला नाही. पाचवा नियम कुणीतरी कचऱ्याबद्दल सुचवला. मग भराभर हात वर झाले.

नियम तिनेच लिहिले, मोत्यासारख्या अक्षरात, आणि मास्तरांच्या घराच्या दारावर आतून चिकटवले.

तिघींपैकी मारिसेल अम्ब्रुशच्या वाट्याला आली. चाळिशीची, ठेंगणी, विल्माच्या खांद्याला लागेल एवढी. पहिल्या दिवशी विल्मा मनात म्हणाली, ही काय याला हलवणार? मारिसेलने त्याचा गुडघा दुमडला, हात छातीवर घेतला, "एक, दोन, काका," म्हणाली, आणि तो डोंगर अलगद कुशीवर झाला. अम्ब्रुशच्या घशातून एक आवाज आला. झटक्यानंतर पहिल्यांदाच तो हसला होता, हे कळायला विल्माला थोडा वेळ लागला. महिन्याभरात त्याच्या पाठीची लाली गेली. मारिसेल मोडक्यातोडक्या भाषेत त्याला बंधाऱ्याबद्दल विचारायची; तिच्या गावी दर वर्षी पूर येतो, म्हणायची. रविवारच्या सुपातल्या शेवया ती त्याला एकेक करून भरवायची. सहाला दहा कमी असताना मात्र घड्याळ बघून कोट चढवायची. विल्माची नजर तेव्हा कुठेतरी दुसरीकडे असायची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, पावणेसातला, अम्ब्रुश पलंग आणि भिंतीच्या फटीत घसरला. तोंड उशीत रुतलं. विल्माने ओढलं, खांदा धरून, पाय धरून, सदरा फाटेपर्यंत ओढलं. हलेना. रुग्णवाहिका तालुक्याहून येणार, चाळीस मिनिटं. तो घरघरत होता, आणि मग घरघरही बारीक व्हायला लागली. विल्मा सपातांवर बर्फातून धावली, तीन घरं सोडून मास्तरांचं दार, दोन्ही मुठींनी बडवलं.

मारिसेलने दार उघडलं. मागे लोर्ना, तिघींपैकी दुसरी, हातात ताटली घेऊन उभी.

"चल! तो मरतोय, चल!"

मारिसेलची नजर दाराच्या आतल्या बाजूला गेली, कागदाकडे. एकदाच. मग ती मोजे न घालताच बुटांत पाय घालून विल्माच्या पुढे धावत सुटली.

रुग्णवाहिकेतला डॉक्टर म्हणाला, आणखी पाच मिनिटं तोंड उशीत राहिलं असतं तर मी कशाला आलो असतो. मारिसेल तेव्हा जमिनीवर बसून अम्ब्रुशचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्याबरोबर श्वास मोजत होती.

एतुशने पडद्याआडून पाहिलं होतं. तिच्या मनात वाईट नव्हतं, तिने उलट दुकानात कौतुकानेच सांगितलं, की काय धावली हो ती बाई! कौतुक गावभर फिरून कचेरीत पोचलं तेव्हा त्याची तक्रार झाली होती.

कालमानने गुरुवारी दोघींना बोलावलं. मारिसेल खुर्चीच्या कडेवर, हात मांडीत घेऊन बसली होती. कालमानला हे नको होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"विल्माकाकू, लोक विचारतायत. मला एवढंच सांगा. तुम्ही बोलावलंत, की ती आपणहून आली?"

बोलावलं म्हटलं तर करार रद्द, तिघी परत, आणि अम्ब्रुश पुढच्या आठवड्यात नव्वद किलोमीटर. आपणहून आली म्हटलं तर एकच जाणार. लोर्ना राहील. अम्ब्रुश घरी राहील. हा हिशोब तिने दोन रात्री करून ठेवला होता.

"नाही," विल्मा म्हणाली. "मी नाही बोलावलं."

कालमानने मारिसेलकडे पाहिलं. ती विल्माकडे पाहत होती. रागाने नाही. राग असता तर विल्माने तो खाली मान घालून घेतला असता.

"हो," मारिसेल म्हणाली. "मी आवाज ऐकला. आपणहून आले."

शनिवारी सकाळी ती शेवटची आली, लोर्नाला शिकवायला. तिला न्यायला गाडी फाटकाशी उभी होती. तिने लोर्नाचे हात धरून अम्ब्रुशच्या खांद्याखाली नीट ठेवले. इथे नाही, इथे. उजवा खांदा दुखतो. आधी गुडघा. आणि मोजायचं, न मोजता हलवलं की ते घाबरतात. अम्ब्रुशने तिच्या एप्रनचं टोक डाव्या मुठीत धरलं होतं. ती त्याचं एकेक बोट सोडवत राहिली, आणि सोडवलेलं बोट तो पुन्हा मिटत राहिला.

विल्मा चुलीपाशी उभी होती. माफ कर, एवढे दोन शब्द. सभेत दोनशे माणसांपुढे बोलणारी बाई ती, तिला ते दोन शब्द जमेनात.

दारात मारिसेल थांबली. "काकू, त्यांना सांगू नका, मी गेले. सांगा, सुट्टी. वाट बघतील, पण जेवतील."

"सांगते," विल्मा म्हणाली.

गाडी गेली. लोर्ना दुसऱ्या घरी कामाला गेली. दुपारी विल्माने सुपातल्या शेवया कुस्करून ते पलंगाशी आणलं, चमचा त्याच्या ओठांशी नेला.

"सुट्टीवर गेलीय रे ती," ती म्हणाली. "येईल पुढच्या महिन्यात."

अम्ब्रुशने तिच्याकडे पाहिलं. चव्वेचाळीस वर्षं तिच्याबरोबर संसार केलेला माणूस तो. बायको खोटं बोलतेय हे कळायला त्याला वाचा लागत नव्हती. त्याने ओठ घट्ट मिटले. विल्मा चमचा धरून बसली, सूप निवेपर्यंत, आणि त्याने तोंड उघडलं नाही.