मांडीवरचा हळद-चुना
ओल्या चुन्याचा वास आला की मला चौबे कॉलोनीतला दवाखाना आठवतो. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. लस टोचल्यावर माझ्या तान्ह्या मुलीच्या मांडीवर फोड उठले आणि सासूबाईंनी बजावलं, "आता पोट्टीले सुई नाही!" डॉक्टरीणबाईंनी मांडी निरखून विचारलं, "इथं काही लावलं होतं?" "हव, सूज होती म्हणून हळद-चुना," सासूबाई म्हणाल्या. "मग चुन्यानंच भाजलं. लेपाचा पिवळा डाग आहे तेवढ्यातच फोड आहेत. पुढची सुई देऊ, पण अर्धा तास माझ्यासमोर बसा, अन् घरी काहीच लावू नका." पुढच्या वेळी तसंच केलं. दुसऱ्या दिवशीही मांडी स्वच्छ! सासूबाई पोरीला कडेवर घेऊन साऱ्या पाऱ्यात, गल्लीतल्या घरोघरी, सांगत फिरल्या, "सुई बेकसूर निघाली!" आज त्याच पोट्टीच्या बाळाला टोचून आणलं, आणि घरात शिरताच मी आधी चुन्याची डबी लपवली.