आत्याचा उजवा डोळा

गणपती वाळत घातले की कारखान्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. आमच्या घरात तसे आत्याचे किस्से झालेत!

आत्या रोह्याची. आमच्या पेणच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखते. मी नववीत असताना तिच्या उजव्या डोळ्याखाली गाठ निघाली आणि मुंबईच्या इस्पितळात किरणांचे उपचार ठरले. तिने डॉक्टरांना एकच विचारलं, "डोळा राहील ना?"

*

चेहरा हलू नये म्हणून मुखवटा करायचा होता. त्यासाठी तोंडाचा प्लास्टरचा साचा घेणार, एवढं कळताच आत्या घरूनच तोंडाला खोबरेल चोपडून निघाली. तेलाशिवाय प्लास्टर सुटत नाही, हे पेणमध्ये शेंबडं पोरही सांगेल! पण खुणा करायला घेतलेलं डॉक्टरांचं पेन गालावर उमटेना. त्यांनी तेल धुवायला साबण पुढे केला.

"साबण पण चालतो व्हय?" म्हणत आत्या तोही चोपडायला लागली.

*

साच्याच्या खोलीतल्या सावंतकाकांनी थर्माकोल तापल्या तारेने कापून डोळ्याएवढी पोकळी केली आणि तिच्यात कमी तापावर वितळणाऱ्या शिशाच्या मिश्रधातूचा रस ओतला. तो ठोकळा किरणांच्या वाटेत ठेवला की डोळा झाकला जातो. आत्याने तो हातात घेऊन बघितला. "येवढासा? आमच्या गणपतीचा डोळा याच्यापेक्षा मोठा असतो."

"मावशी, तुम्ही गणपती नाही," काका म्हणाले.

*

मग किरणांच्या वाटेत ठेवायला आली पितळेची पाचर, एका बाजूला जाड, दुसरीला पातळ. गाल जिथे पातळ तिथे पाचरीची जाड बाजू, म्हणजे आत किरण सगळीकडे सारखे पोचतात. बाबांना लगेच पटलं. रंगाचा फवारा मारताना तेही असाच हात आवरतात. आत्याने मात्र एवढंच ऐकलं की आपला गाल पातळ झालाय. ती दोन्ही वेळा तूपभात खायला लागली. थोड्या दिवसांनी काका विचारात पडले, मुखवटा घट्ट कसा होतोय!

*

एकदा बाकावर बसलो असताना काकांनी मुखवटा आत्याकडे धरायला दिला. त्याच्या उजव्या गालावर किरण कुठे सोडायचे त्या खुणेची रेघ होती. आत्याने माझं स्केचपेन मागून डाव्या गालावरही तशीच रेघ ओढली. चेहरा तिरका दिसत होता म्हणे! काका पांढरेफटक पडले. स्पिरिटने रेघ पुसत हळूच म्हणाले, "मावशी, चुकून ही रेघ धरली असती, तर डावा डोळा गेला असता."

आत्याने स्केचपेनला टोपण लावलं आणि ते मला परत दिलं.

*

उपचार संपल्यावर काही महिन्यांनी तपासणी होती. डॉक्टरांनी तिचा डावा डोळा हाताने झाकला आणि समोर बसून विचारलं, "आता काय दिसतं?"

आत्या बघतच राहिली. बाबांनी माझा हात घट्ट धरला.

"तुमच्या भुवईत एक केस पांढरा हाय," आत्या म्हणाली. "काळा करून देऊ?"