बाईंचा पहिला घास

सोमा पोतं घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मी भाताची पेज काढत होते. दरसाल सावली गावाहून आमच्या थोरल्या जाऊबाई नवे तांदूळ पाठवायच्या, स्वतः पाखडून, निवडून. सोमा त्यांचा जुना गडी. एरवी पोतं टाकलं की आधी चहा मागायचा. त्या दिवशी पोतं त्याच्या खांद्यावरून उतरेचना. "बाई गेल्या जी," तो म्हणाला. "चार दिवस ताप होता. हे तांदूळ त्यायनंच निवडले..." माझ्या हातून पेज चुलीत सांडली. खरं सांगते, पहिल्यांदा रडू आलं नाही. जे सांगायचं राहिलं ते आता राहिलंच, एवढंच मनात आलं. दीड महिना झाला त्याला. घास उतरत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

बाईंचा आवाज असा, की भाताच्या बांधीतून हाक मारली तर तळ्यापलीकडच्या म्हशी माना वळवायच्या. आणि मी चामोर्शीची, नवी सून, अंगात नुसता तोरा. त्या घरी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत भात आदल्या संध्याकाळी शिजायचा, कारण पावसाने सकाळी लाकडं पेटत नसत. बाईंचा नियम ठरलेला होता. "लहाने, भात टोपलीत पसरव, थंडा होऊ दे, मंग पाणी घालून ठेव. गरम झाकून ठेवू नोको." सकाळी तो आंबूस भात बाया बांधावर मिरची-मिठाशी खायच्या. मला मेलीला त्याची लाज वाटायची. आमच्याकडे माहेरी रोवणीच्या बायांना गरम भात वाढतात, अशी फुशारकी मी आधीच मारून बसले होते.

एका संध्याकाळी बाई बांधीतून यायच्या होत्या. मी भात पसरलाच नाही. गरम भाताचं भांडं, तो गंज, तसाच झाकला, भोवती धानाच्या पेंढ्याचं तणस दाबून भरलं, वर पोतं टाकलं. सकाळी तणस गोठ्यात लोटून दिलं आणि गंज डोक्यावरून नेऊन बांधावर बाईंजवळ ठेवला. न्याहारीच्या वेळी बाईंनी झाकण काढून हात लावला. "अवं, हा तं गरम हाय! कवा केला?"

"सकाळीच केला, बाई," मी म्हणाले.

बाई किती खूश झाल्या! "पाहा वं, माई लहानी किती गुणाची हाय," असं त्या सगळ्या बायांना सांगत सुटल्या. मी नुसती फुलले. त्यांची सहा वर्षांची कमळी चिखलात खेळायला आली होती. एकुलती एक पोर. ती दोनदा मागून जेवली.

तासा-दोन तासांत बाया ओकू लागल्या. दोन दिवसांत सगळ्या उठल्या. कमळी उठली नाही.

भातात पाल पडली असंन, असं गाव म्हणालं. न्याहारीपर्यंत भाताजवळ बाई होत्या, म्हणजे झाकण त्यांनीच उघडं टाकलं, असं ठरलं. सासूबाई तर येता-जाता बाईंना ऐकवायच्या, "मायनंच पोर खाल्ली." बाईंनाही तेच खरं वाटू लागलं. आणि मी गप्प बसले. तोंड उघडावं असं रोज वाटायचं, रोज भीती वाटायची.

तेव्हापासून त्या घरात पहिला घास बाईंचा. भात टोपलीत पसरायचा, त्यांनी चार घास खायचे आणि दारातलं ऊन उंबऱ्यावरून खाली उतरेपर्यंत कोणी ताटाला हात लावायचा नाही. पुढे आमची पोरं भुकेने कावून ओरडायची, "मोठीआई, जिवंत हाय का वो?" बाई हसून म्हणायच्या, "हाय ना रे, वाढते." पोरं खिदळायची. मी चुलीकडे तोंड करून बसायची.

यांची बदली चांद्याला झाली, तेव्हा बाईंनी बुरडाकडून नवी टोपली विणून आणून माझ्या हाती दिली. पुढे आमच्या धाकट्याला ओकाऱ्या झाल्या, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, "भात उबेत झाकून ठेवला होता का? तसा भात आतून बाधतो, वाससुद्धा येत नाही." पोरगा बरा झाला. मला मात्र त्या दिवसापासून रोज ते तणस दिसायला लागलं.

गेल्या पोळ्याला मी सावलीला गेले ते सांगायचंच म्हणून. बाई वाळल्या होत्या, आवाज गेला होता. टोपलीजवळ बसल्या बसल्या त्यांनीच विचारलं, "लहाने, तू होती ना तवा तिथी. झाकण माया हातानं उघडं राह्यलं असंन का वं?"

माझ्या ओठांवर आलं होतं...

"जाऊ द्या ना, बाई," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पहिला घास तोंडात घातला.

सोमाने आणलेल्या त्या तांदळाचा भात परवा केला. एकही खडा नव्हता. बाईंनी दिलेल्या टोपलीत पसरला, चार घास खाल्ले आणि उंबऱ्यावर उन्हाकडे पाहत बसले. आतून धाकटा ओरडला, "आई, जिवंत आहेस का?"

 रिकाम्या अंगणाकडे पाहून मी मोठ्याने म्हणाले, "झाकण लावलेलं होतं, बाई. वर दगडसुद्धा ठेवला होता तुम्ही. मी पाहिलं होतं."