तानुबाईच्या पेट्या आणि भंडारा

कवठे महांकाळच्या पूर्वेला आमचं गाव. बिरोबाच्या देवस्थानाने गावातल्या बायांना मधमाश्यांच्या पेट्या दिल्या. देवाच्या रानात कुऱ्हाड चालत नाही, म्हणून तिथं बाभूळ, बोर, खैर अजून उभे आहेत. पेट्या तिथंच ठेवायच्या. मधाची पहिली बाटली देवाला, बाकी बाईची. मी जन्मभर वेल्डिंग केलं. पेट्यांचे लोखंडी स्टँड माझ्याच हातचे, त्यामुळे तानुबाईचं काम जवळून पाहिलं.

तानुबाई मेंढपाळाच्या घरातली. नवरा गेल्यावर मेंढरं दिरांकडे गेली, तिला रोजगाराला जावं लागलं. मधमाश्या पाळायचं शिकायला महाबळेश्वरला गेली ती तिथल्या पावसात भिजून तापानं फणफणून परत आली, पण शिकून आली. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असतात. पाणी असलं की मुंगी पेटीत चढत नाही. बाकीच्या बाया आठवण झाली की वाट्या भरत. तानुबाई रोज भरते. पेटीचा तळ खरवडते, मेणातली कीड बोटाने काढते. काम असं करायचं असतं.

गेल्या वर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. पेट्या म्हणजे बायांची हत्यारंच, असं देवस्थानाने ठरवलं. पुजारी कोंडीबा तानुबाईचा चुलत दीर. त्याने ढोलाच्या तालावर मुठी भरभरून भंडारा पेट्यांवर उधळला. हळद उधळल्याशिवाय आमच्यात पूजा होत नाही. कोणाला काही वावगं वाटलं नाही, तानुबाईनेही हात जोडले. दोन-चार दिवसांत तिच्या पेट्या रिकाम्या झाल्या, शेजारच्या मायाची एकुलती पेटीही. दाराच्या फटीत हळद दाटून बसली होती. तळाशी माश्या पिवळ्या होऊन मेल्या होत्या. लोक म्हणाले, देव कोपला.

 उन्हाळाभर तानुबाई आणि माया डोंगराच्या कपारी धुंडाळत फिरल्या, पोळी हुडकून माश्या पेट्यांत आणल्या. अंगावर डंख, पायांत काटे. यंदा पेट्या पुन्हा भरल्या. पण देवस्थानाने सांगून ठेवलं होतं, यावर्षी पेटी रिकामी झाली तर ती दुसऱ्या गावाला जाईल.

खंडेनवमी आली. कोंडीबा ताट घेऊन पुढं झाला, तशी तानुबाई पेट्यांसमोर उभी राहिली.

"वैनी, सरका बाजूला."

"न्हाई सरकत. आवं भावजी, पेटीवर उधळू नगा. दारात हळद बसती, माशा उठून जात्यात."

"देवाच्या भंडाऱ्यानं कुनी उठून जातंय व्हय?"

"गेल्या साली माझ्या गेल्या. तुमी निवद खाऊन घोरत हुता, पेट्या म्या उघडल्या."

माणसं हसली. कोंडीबा तापला.

"म्हंजी बिरोबाला न्हाई म्हंता?"

"बिरोबाला कोन न्हाई म्हंतंय? तुमच्या मुठीला म्हंतीया. कोकरू जलमलं की त्याच्या नाकातोंडात भंडारा कोंबता व्हय? कपाळाला बोट लावता. हितं बी बोटच लावा."

 गावातली म्हातारी मेंढपाळ माणसं माना डोलवू लागली. कोंडीबाने ताट तिच्यापुढं धरलं.

"मग तुमीच लावा. इपरीत घडलं तर गाव तुमास्नीच इचारल."

त्या ताटात तोवर बाईचा हात गेला नव्हता. तिने पदराला हात पुसले, चिमूट घेतली आणि एकेका पेटीच्या मागच्या फळीवर, दारापासून लांब, बोट टेकवलं. मग ढोलवाल्यांकडे वळली.

"आन त्यो ढोल लिंबाखाली न्या रं. माशांस्नी कान न्हाईत, पर पेटी हादरती."

ढोल लिंबाखाली गेला.

तानुबाईच्या माश्या राहिल्या. मायाची पेटी मात्र दसऱ्यानंतर आठवड्याभरात रिकामी झाली. का, ते कळलं नाही. दारात हळद नव्हती, कीडही नव्हती. कोंडीबाला निमित्त मिळालं. देवळाच्या पायरीवर चारचौघांत त्याने तानुबाईला गाठलं.

"काय वैनी? बोट लावलं तरी गेलीच की!"

"गेली," तानुबाई म्हणाली. "एकच गेली."

कोंडीबा पायऱ्या चढून देवळात गेला. पुढच्या वर्षी ताट कोणाच्या हातात असेल, हे अजून ठरलेलं नाही. मायाची पेटी न्यायला माणूस येईल, त्याआधी ती भरायची म्हणून दोघी सध्या पहाटेच डोंगराकडे जातात.